सालीवरच्या रेघा : प्रस्तावना

आंबा, जांभूळ, फणस किंवा सुपारीच्या खोडावरचे पांढुरके, राखाडी, फिकट हिरवट पट्टे आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. त्यांतल्या काही पट्ट्यांजवळ डोळा नेला, की त्यावर बारीक काळ्या रेघा दिसतात. काही सरळ, काही वळणाच्या, काही फाटे फुटून चहूकडे पसरलेल्या. लांबी बहुधा एकदोन मिलिमीटर, क्वचित त्याहून जास्त. रुंदी मिलिमीटरच्याही आत. युरोपातल्या अशाच एका जातीला कार्ल लिनियसने १७५३ मध्ये ‘लायकेन स्क्रिप्टस’ म्हणजे ‘लिहिलेले लायकेन’ असे नाव दिले. १८०९ मध्ये एरिक आखारियसने तिला ‘ग्राफिस’ या प्रजातीत घातले आणि पुढे या साऱ्या गोतावळ्याला ‘ग्राफिडेसी’ हे कुलनाम मिळाले. या कुलाची ओळख नाशिककरांना, त्यातही आम्हा अंबडकरांना व्हावी, म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे.

तिचा वाचक कोण, हे आधी सांगतो. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी तिच्यातून सुरुवात करू शकेल. पण मला समोर दिसतात ते सकाळी पांडवलेण्याच्या डोंगराकडे फिरायला जाणारे लोक, शाळेतले शिक्षक, बांधावर आंब्याची झाडे असलेले शेतकरी, कारखान्यातली पाळी संपवून घरी परतणारे कामगार. यांच्यापैकी पुष्कळांना खोडावरचा पांढरा पट्टा म्हणजे रोग वाटतो. ‘झाडाला बुरशी लागली’ असे म्हणून तो खरवडला जातो, त्यावर चुना फासला जातो, नाहीतर बोर्डो पेस्ट लावली जाते. म्हणून पहिली गोष्ट पहिल्याच पानावर सांगायला हवी: हा रोग नव्हे. सालीवरचे हे लायकेन झाडाचा रस शोषत नाही. त्याचे तंतू सालीच्या सर्वांत बाहेरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात असतात. आतल्या जिवंत भागाशी त्याचे देणेघेणे नसते. झाडाकडून त्याला हवी असते ती फक्त जागा, आणि ती जागा बरीच वर्षे न हलता मिळावी एवढेच.

लायकेन आपल्या घरात नाही असे नाही. गोडा मसाला किंवा काळा मसाला करताना जे दगडफूल भाजून घालतात, ते लायकेनच. मात्र ते पानासारखे पसरणारे, कडा मोकळ्या असलेले, हाताने सुटे करता येणारे असते. आपल्या रेघांचे लायकेन सालीला असे चिकटलेले असते की सालीसकटच निघेल. पुष्कळ जातींत तर त्याचे अंग सालीच्या वरच्या थरातच मुरलेले असते. अशा लायकेनांना कवचरूप म्हणतात. उष्ण कटिबंधातल्या कवचरूप लायकेनांमध्ये ग्राफिडेसी हे सर्वांत मोठे कुल आहे. जगभरात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि भर थांबलेली नाही. २०१४ मध्ये या कुलाच्या १७५ नव्या जातींचे वर्णन एकाच शोधनिबंधात प्रसिद्ध झाले.

लायकेन म्हणजे एक जीव नव्हे, एकत्र नांदणारे जीव. बुरशी आणि शैवाल यांचा तो संसार असतो, हे स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडले, तेव्हा त्या काळच्या नामांकित लायकेनतज्ज्ञांना ते मुळीच पटले नाही. पुढे तेच खरे ठरले. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते, उन्हापासून आडोसा देते; शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करते. काळ्या रेघा हे बुरशीचे फळ. प्रत्येक रेघेला, म्हणजे लिरेलाला, दोन ओठ असतात आणि त्यांच्यामध्ये गव्हाच्या दाण्यावर असते तशी एक अरुंद खाच. ओठ काळे पडून कोळशासारखे कडक झालेले असतात, म्हणून ऊन, वारा आणि किडे यांच्यापुढे ते टिकतात. खाचेच्या तळाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत बीजाणू तयार होतात. खाच पाण्याने भिजली की पिशव्या फुगतात आणि बीजाणू बाहेर फेकले जातात.

या बुरशीचा जोडीदार आपण दर पावसाळ्यात पाहतो, फक्त नावाने ओळखत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या भिंतींवर, खोडांवर, दगडी कुंपणांवर जो केशरी मखमली थर चढतो, तो ट्रेंटेपोहलिया या शैवालाचा. वर्गवारीने ते हिरव्या शैवालांतलेच. पण त्याच्या पेशींत कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये इतकी असतात की हिरवा रंग झाकला जातो. ग्राफिसचा पातळ थर नखाने अगदी हलकेच उचकटला तर आत पिवळसर केशरी छटा दिसते, ती याचीच. ग्राफिसच्या बहुतेक जाती बुरशी आणि शैवाल यांच्या एकत्र पुडक्या करून पाठवत नाहीत. फक्त बीजाणू उडतो. तो ज्या सालीवर पडेल तिथे त्याला आपले शैवाल भेटले पाहिजे. म्हणजे जिथे ट्रेंटेपोहलिया जगू शकत नाही, तिथे ग्राफिसचे बीजाणू कितीही येऊन पडोत, संसार उभा राहत नाही.

आता या पुस्तिकेच्या गाभ्याकडे येतो. हे लायकेन नेमके कुठे आणि कशामुळे वाढते? उत्तर एका शब्दात देण्यासारखे नाही. पाणी, प्रकाश, तापमान, साल, हवा आणि काळ या सहा गोष्टी जुळाव्या लागतात, आणि त्यांतली एक बिघडली तरी उरलेल्या पाच उपयोगी पडत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करू. लायकेनला मुळे नाहीत, पानावर असते तशी मेणाची त्वचा नाही. हवा ओली तर ते ओले, हवा कोरडी तर ते कोरडे. कोरडे झाले की त्याचे जगणे थांबल्यासारखे होते. मरत नाही, वाट पाहते. पुन्हा ओल मिळाली की थोड्याच वेळात शैवालाचे काम सुरू होते. हिरवे शैवाल असलेल्या लायकेनांना त्यासाठी पावसाचे थेंबच लागतात असे नाही; दमट हवा, धुके, पहाटेचे दव एवढ्यावरही त्यांना जाग येते. म्हणून एखाद्या जागी वर्षाला किती पाऊस पडतो यापेक्षा वर्षातले किती तास साल ओलसर आणि उजेडात असते, हा आकडा लायकेनच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. मुसळधार चार तासांपेक्षा धुक्याच्या चाळीस सकाळी मोलाच्या.

पण ओल जास्त झाली तरीही अडचण. अंगावर पाण्याचा थर साचून राहिला तर कार्बन डायऑक्साइड आत शिरत नाही आणि प्रकाश असूनही अन्न तयार होत नाही. सदाहरित जंगलांतल्या पुष्कळ कवचरूप लायकेनांचा पृष्ठभाग पाणी झटकून टाकणारा असतो, तो यासाठीच. उभ्या गुळगुळीत खोडावरून पाणी ओघळून जाते, हेही त्यांच्या पथ्यावर पडते.

तापमानाचा हिशेब याहून बारीक आहे. दिवसा ओले आणि उजेडात असताना लायकेन कमावते. रात्री ओले राहिले तर श्वसनात खर्च करते. रात्र जितकी उबदार, तितका खर्च मोठा. समुद्रसपाटीजवळच्या उष्ण, दमट प्रदेशात मोठी पानासारखी लायकेन कमी दिसतात, त्यामागे हे एक कारण मानले जाते. डोंगरमाथ्यावर रात्री गार असतात, खर्च आटोक्यात राहतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील उंचवट्यांना पावसाबरोबर ही गार रात्रही लाभली आहे.

प्रकाशाच्या बाबतीत ग्राफिसला मधला मार्ग मानवतो. अगदी काळोख्या जंगलात, जिथे खोडापर्यंत उजेड पोहोचत नाही, तिथे रेघांऐवजी वाटीसारखी फळे धरणारे याच कुलातले इतर सदस्य जास्त आढळतात. ते जुन्या, न मोडलेल्या जंगलाचे रहिवासी. काळ्या, कडक ओठांच्या ग्राफिस जाती जंगलाच्या कडेला, वाटेच्या बाजूला, बागांमध्ये, सुट्या झाडांवर जम बसवतात. म्हणजे हे लायकेन माणसाच्या शेजाराला पूर्ण बिचकणारे नाही. वाडीतल्या सुपारीवर, परसातल्या फणसावर ते सुखाने राहते. त्याला नकोसा आहे तो दुपारचा थेट, सालीला भाजणारा सूर्य.

मग साल. तिचे चार गुण पाहायचे: गुळगुळीतपणा, पाणी धरण्याची क्षमता, आम्लता आणि टिकाऊपणा. कवचरूप लायकेन सलग सपाट जागा शोधते, म्हणून जांभूळ, करंज, फणस, अंजनी आणि सुपारी यांच्याकडे आधी पाहावे. आंब्याची तरुण फांदी गुळगुळीत असते, म्हाताऱ्या खोडाला भेगा पडतात. एकाच झाडावर वर आणि खाली वेगळे रहिवासी भेटतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीइतकी खडबडीत, बाभळीची खोल चिरलेली. तिथे रेघांना जागा नाही. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, त्यामुळे लायकेनचे सगळे श्रम सालीबरोबर गळून पडतात. आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली द्राक्षवेलही याच कारणाने बाद होते. तिची साल तंतूतंतूंनी सुटते, मिलीबग या किडीला आवर घालण्यासाठी शेतकरी ती मुद्दाम सोलतात, आणि वर बोर्डो मिश्रणाची फवारणी असते. बोर्डोतले तांबे बुरशीचा नाश करण्यासाठीच असते, आणि लायकेनचे घर तर बुरशीनेच बांधलेले असते.

आणि शेवटी काळ. कवचरूप लायकेन वर्षाला मिलिमीटरभर वाढले तरी पुष्कळ. तळहाताएवढा पट्टा दिसला, तर तो अनेक वर्षांचा आहे असे धरून चालावे. त्यावर फळे धरून पुढची पिढी शेजारच्या खोडावर जायला आणखी वर्षे. या सावकाशीमुळेच एकदा खरवडलेला पट्टा पुढच्या पावसाळ्यात परत येत नाही.

आता हे सारे आपल्या नकाशावर ठेवून पाहू. अंबड हे नाशिक महापालिकेच्या हद्दीतले जुने गाव. एका अंगाला सिडकोची वस्ती, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, जवळून मुंबई-आग्रा महामार्ग आणि पलीकडे पांडवलेण्याचा डोंगर. उंची सहाशे मीटरच्या आसपास. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथून त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे, आणि तिथला पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर जातो. महामार्गाने विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी करत इगतपुरीला पोहोचलो तर आकडा तीन हजारांच्या पुढे. त्र्यंबकच्या बाजूला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर उंचीला जातात. सह्याद्रीची धार ओलांडताना ढग रिकामे होतात आणि पूर्वेला उतरत आपल्याकडे येईपर्यंत त्यांच्यात थोडेच उरते. एका दिवसाच्या एसटी प्रवासात ओलाव्याचा एवढा मोठा उतार मिळणे, हे अभ्यासकाचे भाग्य आहे. पश्चिमेला जावे तसे ग्राफिडेसीला लागणारे ओलसर तास वाढत जातात. पूर्वेला यावे तसे कमी होतात आणि त्यांच्या जागी कोरडे, उघडे हवामान सोसणारी लायकेन येतात. पिक्सिने आणि डिरिनारिया या प्रजातींतली पानासारखी, सालीला चपखल बसणारी राखाडी लायकेन भारतातल्या अनेक शहरांत रस्त्याकडेच्या झाडांवरही तग धरून आहेत. नवशिक्याने त्यांना आधी ओळखावे, म्हणजे रेघांचे वेगळेपण लगेच कळते.

सहांपैकी हवा राहिली. तिच्याबाबत एक सावधगिरी सांगणे मला फार आवश्यक वाटते. लायकेन हवेची शुद्धता दाखवते, हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकांतही असते. त्यामागे खरे काम आहे. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये पॅरिसमध्ये दाखवले, की लक्झेंबर्ग बागेत जी लायकेन भरपूर आहेत ती शहराच्या इतर भागांतून हरवली आहेत. तीस वर्षांनी त्या बागेतूनही ती गेली. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी लायकेनांवरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधणारी दहा पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. कारणही स्पष्ट आहे: मुळे आणि त्वचा नसल्याने लायकेन जे मिळेल ते साऱ्या अंगाने शोषते, सल्फर डायऑक्साइड शैवालाचे हरितद्रव्य मोडते, आणि कमाई थांबते. आपल्याकडे बंगळूरमध्ये संजीव नायक, डी. के. उप्रेती, माधव गाडगीळ आणि विवेक पांडेय यांनी शहरातल्या लायकेनांचा प्रसार आणि त्यांत साठलेले जड धातू लालबागेच्या विशेष संदर्भात तपासले. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण इंग्लंडची मोजपट्टी उचलून अंबडच्या खोडाला लावता येत नाही. त्र्यंबककडून अंबडकडे येताना दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. पाऊस कमी होतो, आणि धूर, धूळ, वाहने वाढतात. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या खोडावर रेघा दिसल्या नाहीत, तर ते धुरामुळे की कोरडेपणामुळे, हे तेवढ्यावरून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते ठरवायचे असेल तर सारख्या पावसाच्या, सारख्या जातीच्या, सारख्या घेराच्या झाडांची तुलना हवी: वसाहतीच्या रस्त्यावरचे एक करंज आणि पांडवलेण्याच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानातले एक करंज, महामार्गालगतचा एक आंबा आणि आत शेतातला एक आंबा. अशा जोड्या शोधण्याचे काम कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय होण्यासारखे आहे, आणि ते इथे राहणाऱ्यांनीच करण्यासारखे आहे. कारखान्याला दोष देण्याची किंवा माफ करण्याची घाई न करता नोंदी जमवाव्यात. नोंदी बोलायला लागल्या, की त्यांचे म्हणणे कुणाला टाळता येणार नाही.

महाराष्ट्रात हा अभ्यास पोरका नाही, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिची संशोधन संस्था १९९२ पासून आघारकरांच्या नावाने ओळखली जाते. तिथल्या कवकसंग्रहाला एस. एल. आजरेकर यांचे नाव आहे आणि पश्चिम घाटातली लायकेन मोठ्या संख्येने त्यात जपलेली आहेत. पी. जी. पटवर्धन आणि सी. आर. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातून ग्राफिडेसीच्या नव्या जाती उजेडात आणल्या. पुढे ऊर्मिला माखिजा आणि भारती आडावदकर यांनी ग्राफिस, ग्राफिना, फीओग्राफिस, फीओग्राफिना या प्रजातींवर वर्षानुवर्षे काम केले. गायत्री चितळे आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ग्राफिस जातींमध्ये भर घातली. लखनौमध्ये धरणीधर अवस्थी यांनी भारतीय लायकेन अभ्यासाचा पाया घातला, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या के. पी. सिंह आणि जी. पी. सिन्हा यांच्या २०१० च्या यादीत देशातल्या सुमारे २,३०० जाती आल्या. यांच्या शोधनिबंधांशिवाय ही पुस्तिका उभीच राहिली नसती.

त्या कामाची पद्धत वाचकाला थोडी माहीत असावी, म्हणजे नुसत्या छायाचित्रावरून जातीचे नाव सांगण्याचा मोह होणार नाही. या कुलात जात ठरते ती सूक्ष्मदर्शकाखाली. बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्यात नुसते आडवे पडदे की आडवे-उभे दोन्ही, यावरून एकोणिसाव्या शतकात चार मोठ्या प्रजाती केल्या गेल्या आणि शंभरावर वर्षे तीच विभागणी चालली. २००२ मध्ये जर्मनीच्या बेटिना श्टायगर यांनी ती मोडून ओठांची रचना, खाचेचे रूप आणि बीजाणू यांचा एकत्र विचार करणारी नवी मांडणी केली. त्यामुळे जुन्या भारतीय नोंदींतली अनेक नावे आता बदललेली आढळतील. आयोडीन लावल्यावर ग्राफिसचे बीजाणू निळे-जांभळे होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने काही जातींचा थर पिवळा होऊन मग लाल पडतो. तो नॉरस्टिक्टिक आम्लाचा संकेत. ही रासायनिक कसोटी लायकेनशास्त्रात आणली तीही नायलँडरनेच, त्याच १८६६ मध्ये. हे रसायन त्वचा आणि डोळे भाजू शकते, म्हणून ते प्रयोगशाळेतच आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली वापरावे. आपल्या फेरीत ‘ग्राफिडेसीचे लायकेन, काळ्या ओठांचे’ एवढे नोंदवता आले तरी नोंद पूर्ण समजावी. ‘ग्राफिस स्क्रिप्टा’ हे नाव तर सरसकट लिहूच नये. ती प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशातली जात, आणि युरोपातसुद्धा त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे अलीकडे दिसून आले आहे.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात सालींची ओळख: आपल्या भागातली झाडे आणि त्यांच्या खोडांचे गुण. दुसऱ्यात रेघांची रूपे, आणि त्यांच्याशी गल्लत होणारे इतर रहिवासी: पायरेन्युलाचे काळे ठिपके, आर्थोनियाचे अनियमित डाग, आणि ओपेग्राफाच्या रेघा, ज्या पाहून जाणकारही थबकतात. तिसऱ्या भागात अंबडहून दोन वाटा दिल्या आहेत, एक त्र्यंबककडची, दुसरी इगतपुरीकडची. चौथा भाग कोरा आहे, तक्त्यांसह. तो वाचकाने भरायचा. प्रत्येक झाडासाठी जात, छातीच्या उंचीवरचा घेर, साल, खोडाची दिशा, वरची सावली, रस्त्यापासूनचे अंतर आणि लायकेनने व्यापलेली जागा एवढे लिहावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पाण्याची फवारणी-बाटली, मोजपट्टी आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते. फवारणी केली की पट्ट्याचा हिरवटपणा उजळतो आणि जिवंत भाग ओळखता येतो. साल काढू नये. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये. छायाचित्रात मोजपट्टी ठेवली तर पुढचा अभ्यासक त्याच खोडाशी परत येऊन वाढ मोजू शकेल.

ही पुस्तिका लिहिताना एक विचार माझ्या मनात पक्का होत गेला, आणि तो मांडण्यासाठीच खरे तर प्रस्तावना लांबली आहे. आपण शहरातली झाडे मोजतो. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. वयाला किंमत देणारा हा विचार मला मनापासून मान्य आहे. पण साठ वर्षांच्या जांभळाच्या बदल्यात साठ रोपे लावली, तरी साठ वर्षांची साल त्या दिवशी कुठेच लावली जात नाही. रोप सावली देईल, फळे देईल, कार्बन साठवेल. त्याच्या खोडावर मात्र रेघांचे लायकेन यायचे तर आधी खोड पुरेसे रुंद व्हायला हवे, साल निबर व्हायला हवी, ट्रेंटेपोहलिया तिथे यायला हवे, जवळपास बीजाणू पाठवणारे जुने झाड शिल्लक असायला हवे, आणि मग वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने पट्टा वाढायला हवा. जुनी झाडे सगळीच गेली, तर रोपे मोठी झाल्यावरही त्यांच्याकडे बीजाणू यायचे कुठून? झाड लावता येते. साल लावता येत नाही.

आणि जी जुनी खोडे उभी आहेत, त्यांचे आपण काय करतो? रस्त्याकडेच्या झाडांना खालपासून कमरेपर्यंत गेरू आणि चुना फासतो. हेतू चांगला असतो: रात्री वाहनचालकाला खोड दिसावे, वाळवी चढू नये, रस्ता नीटनेटका वाटावा. पण चुना सालीची आम्लता पार बदलतो, रंगाचा थर उजेड आणि ओल अडवतो, आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवरचे, म्हणजे त्यांना सहज पाहता आले असते तेच लायकेन त्याखाली मरते. जाहिरातीच्या पाट्यांसाठी ठोकलेले खिळे, बुंध्यापाशी पेटवलेला पालापाचोळा, मुळांपर्यंत ओतलेले काँक्रीट यांनी झाडच खंगते, मग सालीची गोष्टच नको. रस्त्यावरच्या खोडाला परावर्तक पट्टी बांधली तरी वाहनचालकाचे काम होते. उद्यानातल्या, शाळेच्या आवारातल्या, मंदिराच्या परिसरातल्या झाडांना तर रंगाची काहीच गरज नाही. महापालिकेने, गृहसंस्थांनी, शाळांनी आणि कारखान्यांनी एवढे एक केले, की आपल्या आवारातली जुनी, गुळगुळीत सालीची झाडे रंगवायची नाहीत, तर त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही, उलट वाचेल.

या कामात मदत करणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे: आवारात शिरून खोडांना भिंग लावू देणारे सुरक्षारक्षक, बांधावरच्या आंब्यांची वये आठवून सांगणारे शेतकरी, जुने शोधनिबंध शोधून देणारे ग्रंथपाल, आणि मसुदा वाचून चुका दाखवणारे अध्यापक. उरलेल्या त्रुटी माझ्या. वाचकांनी आपल्या नोंदींच्या जोरावर त्या दुरुस्त कराव्यात, अशी विनंती आहे. असल्या पुस्तिकेचा खरा उपयोग ती जुनी ठरण्यातच असतो. चौथा भाग कोरा ठेवला आहे तो शोभेसाठी नव्हे. आपल्या घराजवळचे एक जुने झाड निवडा, यंदाच्या पावसाळ्यानंतर त्याचा तक्ता भरा, आणि त्या खोडावर कुणी गेरूचा डबा घेऊन आला तर त्याला थांबवून कारण समजावून सांगा.

अंबड, नाशिक